दांड्यावरची मधली जागा

बसा. पाय आत घ्या आणि तो मोबाइल उलटा ठेवा. तोंडावर निळा उजेड पडला की माणूस आधीच भूत दिसतो, मग गोष्ट कशाला सांगायची? आणि एक आधीच सांगून ठेवतो. ज्यांचं जेवण व्हायचंय त्यांनी आत्ताच जेवून या. नंतर घास उतरणार नाही, आणि मग तुमच्या आया मला बोलतील.

ही गोष्ट घड्याळजीची. कोपऱ्यावरचा, घड्याळं दुरुस्त करणारा. तो भुताखेतावर बोलणारा माणूस नव्हे. त्याला फक्त घाणीची भीती. दुकानात गिऱ्हाइकाचं मनगटी घड्याळ हातात घ्यायच्या आधी ते फडक्याने पुसणार, मग हात धुणार, मग चिमट्याने उघडणार आणि परत हात धुणार. घामाने कळकट झालेला पट्टा समोर आला की त्याचं नाक असं वर जायचं, की गिऱ्हाईकच ओशाळायचं. घरात त्याचं नाव साबण्या. हे नाव ठेवलं त्याच्या थोरल्या बहिणीने, ताईने. तिला तो हक्क होता. आई लवकर गेली तेव्हा हा चार वर्षांचा होता. याचं नाक पुसण्यापासून बाकी सगळं पुसण्यापर्यंतची कामं तिनेच केली. ती म्हणायची, “माझ्या हातून इतका स्वच्छ झालायस, की आता जगाची घाण वाटते तुला.”

ताई गावाबाहेरच्या रस्त्यावर राहायची. एकटी. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात. ताईचा जीव कोंबड्यांत. मार्च महिन्यात तिचं पोटाचं ऑपरेशन ठरलं. मुलगी दवाखान्यात सोबतीला आली, पण कोंबड्यांकडे कोण बघणार? ताईने भावाला बोलावलं. बुधवारी, अकरा तारखेला, संध्याकाळी साडेपाचला ही स्वारी तिथे हजर. पिशवीत काय? स्वतःची चादर, स्वतःचा तांब्या, दोन साबण आणि कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे.

रिक्षा दारात उभी होती. ताईने त्याला परसात नेलं. बावीस तलंगा होत्या. तलंग म्हणजे कोवळी कोंबडी, पिल्लू नाही आणि अजून अंड्यावरही आलेली नाही. या अडीच महिन्यांच्या. इतके दिवस स्वयंपाकघरात पेटीत, दिव्याच्या उबेला वाढलेल्या. चारच दिवसांपूर्वी ताईने त्यांना परसातल्या मोठ्या खुराड्यात हलवलं होतं.

“नीट ऐक,” ताई म्हणाली. “यांना अजून घर कळत नाही. अंधार पडला की खुराड्यात जायचं सोडून त्या कोपऱ्यात एकमेकींवर ढीग करतात. ढिगातली खालची गुदमरून मरते. म्हणून एकेक उचलायची, आत न्यायची, दांड्यावर बसवायची. पायांनी दांडा धरला की हात काढायचा. उजेड लावायचा नाही, उजेडात बिथरतात. हाताने चाचपून करायचं. आठ दिवस असं केलं की आपल्या आपण जातात. मध्ये एक रात्र बिघडली, की पुन्हा पहिल्यापासून.”

“हाताने?” घड्याळजी म्हणाला.

“नाही, चिमट्याने!” ताई हसली. मग एकदम हसू गेलं तिचं. भावाचं मनगट धरून म्हणाली, “मला भीती वाटतेय रे. मी मनात धरलंय. या बावीस नीट राहिल्या तर मी नीट घरी येणार. बाकी मला काही माहीत नाही.”

“काहीतरी काय बोलतेस!”

“बोलले. आता झालं.” आणि ती रिक्षात जाऊन बसली.

आता मला सांगा, अशा बोलण्याला कोणी अर्थ देतं का? घड्याळजीनेही दिला नाही. त्याचा जीव वेगळ्याच गोष्टीने कासावीस झाला होता. खुराड्याचं दार उघडलं तसा आतून वास आला. नुसता शिटेचा नव्हे. शीट, ओला भुसा, आणि त्याखाली आणखी काहीतरी, न वाळवता घडी घातलेल्या कपड्यांसारखं आंबूस. माणूस आत ताठ उभा राहिला तरी वर हातभर जागा उरेल एवढं ते खुराडं. लाकडी, जुनं, तीन बाजूंना फळ्या, पुढे जाळी. छातीच्या उंचीवर आडवा दांडा, चांगला मनगटाएवढा. दांड्याला पांढऱ्या-हिरव्या शिटेची पुटं. घड्याळजीने रुमालाने नाक दाबलं आणि परत फिरला.

पहिल्या रात्री त्याने काय केलं? जे करू नको सांगितलं तेच. मोबाइलचा टॉर्च लावला, हातमोजे चढवले, खराटा घेतला आणि कोपऱ्यातला ढीग खराट्याने ढकलत ढकलत खुराड्यात लोटला. आत पिसं, किंचाळणं, धूळ. एकीने उडता उडता त्याच्या मानेवर पातळ शिटलं. तो तिथेच ओकला. कडी घातली आणि विहिरीवर जाऊन तब्बल अर्धा तास मान घासत बसला. कडी घातली तेव्हा आठ वाजून पाच मिनिटं झाली होती. त्याला वेळेचं विचारू नका, तो मिनिटाने सांगतो.

सकाळी एकवीस होत्या. बाविसावी खाली होती. बहिणींनी रात्रभर तिच्यावर उभं राहून तिची चपटी पोळी केलेली. अंगभर त्यांचीच शीट, चोच उघडी, चोचीत भुसा. घड्याळजीने ती चुलीच्या चिमट्याने उचलली, लांब धरून नेली आणि पुरली. परत येतोय तोच फोन वाजला. भाची होती.

“मामा, आज ऑपरेशन नाही. आईला रात्री एकदम ताप भरला. उद्यावर गेलंय.”

“ताप? कधी भरला?”

“आठ-सव्वाआठला. कोंबड्या बऱ्या आहेत का म्हणून विचारतेय.”

घड्याळजी म्हणाला, “बऱ्या आहेत.” पहिल्यांदा बहिणीशी खोटं बोलला, आणि तेही असल्या वेळी. ती शरम त्याला दिवसभर पुरली.

गुरुवारी मात्र त्याने उजेड लावला नाही. खराटाही नाही. पण हातमोजे काही सुटेनात. रबर गुळगुळीत, तलंगा त्यातून सटकत होत्या, पाय झाडत होत्या. पाच बसवल्या की तीन खाली. पुन्हा उचल. पुन्हा खाली. साडेआठ झाले. एकवीसच्या एकवीस आतल्या कोपऱ्यात. ढीग चढायला लागला. खालून दबलेलं किरकिरणं येऊ लागलं. हा दारात उभा राहून म्हणायला लागला, “अगं बायांनो, बसा ना, पाया पडतो तुमच्या, बसा!” हसू नका. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

आणि दांडा करकरला.

बरं का, दांड्यावर तेव्हा एकही तलंग नव्हती. सगळ्या कोपऱ्यात. तरी दांडा करकरला… चांगलं वजनदार माणूस बाजेवर टेकावं तसा. किरकिरणं थांबलं. ढीग आपोआप सुटला. एकेक तलंग पंख फडफडवत दांड्यावर चढायला लागली. फडफड… गप्प. फडफड… गप्प. दोन मिनिटांत सगळ्या वर. मग कोंबड्या गाढ समाधानात करतात तसा तो बारीक कुरकुर आवाज. घड्याळजीला इतकं हायसं वाटलं, की तो वास वाढलाय हे त्याला कळलं, पण त्याने मनावर घेतलं नाही. आठ चाळीसला कडी घातली. हात चार वेळा धुतले. झोपला.

सकाळी एकवीसच्या एकवीस ठणठणीत. फक्त एक गोष्ट त्याने पाहिली. रात्रभर कोंबड्या शिटतात ते बरोब्बर आपापल्या जागेखाली, भुशावर एका ओळीत ढिगुळ्या पडतात. ती ओळ मधोमध तुटलेली होती. दहा ढिगुळ्या डावीकडे, अकरा उजवीकडे, आणि मध्ये हातभर जागा स्वच्छ.

शुक्रवारी सकाळी अकराला ताईला आत घेतलं. घड्याळजीला घरी बसवेना, म्हणून दाणा आणायला नाक्यावरच्या दुकानात गेला. दाणेवाला म्हातारा, गप्पिष्ट.

“ताईंच्या तलंगा बसायला लागल्या का?”

“काल बसल्या की. आपल्या आपण.”

दाणेवाल्याचा हात मापातच थांबला. “आपल्या आपण? इतक्यात?” मग म्हणाला, “मध्ये जागा सोडतात का हो?”

घड्याळजीने दोन हातांनी दाखवलं, एवढी.

“ते खुराडं पिसोबाचं,” दाणेवाला म्हणाला. “डोक्यात, दाढीत कायम पिसं अडकलेली, म्हणून पिसोबा. आंघोळीचा त्याला तिटकारा. जवळ आला की गिऱ्हाइकं उठून जायची माझी. घर होतं हो, पण झोपायचा खुराड्यात. झोपायचा कसला, त्यांच्यासारखाच बसायचा दांड्यावर, मधोमध. दोन्ही बाजूंनी कोंबड्या चिकटून. दोन वर्षांपूर्वी गेला. थंडीत. आतून कडी. चार दिवसांनी कळलं. पुतण्याने खुराडं विकलं ताईंना. कोंबड्याही. त्या ताईंनी यंदा विकून टाकल्या, या तलंगा त्यांच्याच अंड्यांच्या.”

“चार दिवस… मग कोंबड्यांना दाणापाणी?”

दाणेवाल्याने दाणा पिशवीत ओतला. पिशवीचं तोंड बांधलं. गाठीकडे बघत म्हणाला, “कोणी घातलं नाही. आतून कडी होती. पण दार फोडलं तेव्हा कोंबड्या टवटवीत होत्या, साहेब. एकीचाही तुरा पडलेला नव्हता.”

घड्याळजीने पिशवी घेतली, दहा पावलं चालला आणि गटारावर ओणवा झाला. ताईच्या घरी गेली दोन वर्षं तो अंडी खात होता. तिच्या हातची एवढीच गोष्ट तो मागून खायचा.

तुमच्या मनात येतंय ते त्याच्याही मनात आलं. निघून जावं. कुलूप लावावं, पिशवी उचलावी, चालू लागावं. त्याने पिशवी भरलीसुद्धा. चार वाजता फोन आला.

भाचीचा आवाज बसलेला. “मामा, ऑपरेशन झालं. पण आईचं प्रेशर पडतंय. डॉक्टर म्हणतात, आजची रात्र निघाली की सुटलो.” मग रडत रडतच हसली. “मघाशी जरा शुद्धीवर आली. पहिलं वाक्य काय तर, साबण्याला सांग, मोजे काढ.”

मोजे कोणी पाहिले नव्हते. पण जिने चार वर्षांचा असल्यापासून वाढवला, तिला पाहायला कशाला लागतं? घड्याळजीने पिशवीतून चादर परत काढली आणि गादीवर घातली.

पावणेआठला अंधार दाट झाला. त्याने बाह्या वर केल्या. उघड्या हातांनी पहिली तलंग उचलली.

ते अंग कसं लागतं माहितेय? बाहेरून पिसं मऊ. पण बोटं आत गेली की गरम, ओलसर कातडी. छातीचं हाड सुरीसारखं. गळ्याखाली दाण्याने तुंबलेली पिशवी, दाबली की आत दाणे सरकतात. शेपटीखाली लडबडलेलं. आणि उवा. मनगटावरून कोपराकडे त्यांची बारीक धावपळ त्याला कळत होती. एकेकीला आत नेत होता, दांड्यावर ठेवत होता, पाय आवळले की हात काढत होता. आणि काय सांगू, बसत होत्या! घड्याळजीचा हात तो. केसाएवढ्या स्क्रूची सवय असलेला. एकही खाली उतरली नाही. डावीकडे दहा, उजवीकडे अकरा. मधली जागा त्याने… सोडली. का सोडली ते त्यालाही सांगता येत नाही.

मग मोजायला गेला. ताईची मोजायची पद्धत अशी, दांड्यावरून तळवा फिरवायचा आणि पाय मोजायचे. कोरडे, खवल्याखवल्यांचे पाय. पुढे तीन बोटं, मागे एक. एक जोडी. दोन जोड्या. पाच. आठ. दहा.

दांडा करकरला.

त्याचा तळवा मध्ये होता.

खाली पाय आला… खवले नव्हते.

रुंद होता. मऊ. ओलसर, पाण्यात भिजून सुरकुतलेल्या कातडीसारखा. पाच बोटं. पाचही दांड्यावरून पुढे वाकलेली, आवळलेली. बोटांच्या बेचक्यांत काहीतरी चिकट. आणि नखं… लांब. इतकी लांब, की दांड्याखालून वळून परत वर आलेली.

घड्याळजी ओरडणार होता. तोंड उघडलं. तेवढ्यात डावीकडची तलंग हलली. किर्र केलं. तिच्या पलीकडची हलली.

त्याने तोंड मिटलं.

उडाल्या तर ढीग. ढीग झाला तर… दवाखान्यात काय होईल, हे त्याला बुधवारपासून माहीत होतं.

हळूच हात ओढायला गेला. त्या पायाच्या बोटांनी त्याचं बोट धरलं. अगदी तलंग दांडा धरते तसं. जोर नाही. सवयीने.

त्याच्या मनगटी घड्याळाच्या काट्यांवरचे हिरवे ठिपके दिसत होते. नऊ वाजून बारा मिनिटं.

वर, त्याच्या तोंडासमोर, अगदी समोर, श्वास होता. तोच आंबूस वास. त्याने डोळे मिटले. मिटले काय, उघडे काय. मग तो कुरकुर आवाज आला. समाधानाचा. पण तो कोंबडीच्या गळ्यातून आला नव्हता. भरड होता. म्हाताऱ्या माणसाचा होता. आणि डावीउजवीकडून एकवीस गळ्यांनी त्याला साथ दिली. सगळ्या आत सरकल्या. चिकटून बसल्या.

मग… टक.

कोंबड्या रात्री टिपत नाहीत. अंधारात त्यांना दिसत नाही.

टक… टक.

काहीतरी ओढल्यासारखं. मग गिळल्याचा बारीक आवाज. दरवेळी ती पायाची बोटं जराशी आवळायची. आणि वरचा तो… कुरकुरायचा. कौतुकाने. आई मुलाला पाजताना करते तसं.

काहीतरी कोमट घड्याळजीच्या मनगटावर ठिबकलं. सावकाश कोपरापर्यंत ओघळलं. पोटातलं त्याच्या गळ्याशी आलं. त्याने ते गिळलं. ओकला असता तर हलला असता.

दहा.

अकरा.

टक…

बारा वाजून चाळीस. उभाच होता. मनात एकच धरलं होतं, ताईने माझं सगळं काढलं. कधी नाक मुरडलं नाही.

दोन.

तीन… तीनला ते टिपणं थांबलं. पोट भरलं असावं.

सहा वाजून अठरा मिनिटांनी जाळीतून करडा उजेड आला. पायाची बोटं सुटली. एक. मग दुसरं. मग सगळी. दांडा हलका झाला. त्याने डोळे उघडले. समोर मधली जागा रिकामी. दोन्ही बाजूंना एकवीस तलंगा, टवटवीत, एकेक करून खाली उडी मारत बाहेर चाललेल्या. चोची पुसत होत्या. भुशावर, इकडे एक बाजू, तिकडे दुसरी.

सहा वाजून चाळीस मिनिटांनी भाचीचा फोन. “मामा, प्रेशर वर आलं! पहाटे तीनपासून एकदम सुधारली. चहा मागतेय!”

घड्याळजी तिथेच खुराड्यात, त्या घाणीत, बूड टेकून बसला आणि हमसून हमसून रडला. चार वर्षांचा होऊन रडला. रडता रडता भुशावर हात टेकला, तेव्हा हाताला ते लागलं.

मधल्या जागेच्या बरोबर खाली एक अंडं होतं. आता, अडीच महिन्यांची तलंग अंडं देत नाही, अजून निदान तीन महिने होते. आणि हे चांगलं मुठीएवढं. कवच नव्हतंच. नुसती पांढरट कातडी, दाबली की दबणारी, गरम, जराशी चिकट. टाकूनच देणार होता. पण त्याने मोबाइलचा टॉर्च लावला आणि ताई अंडी तपासते तसं ते उजेडासमोर धरलं.

आत बलक नव्हता. ढवळलेल्या पाण्यात एकच वस्तू हळूहळू फिरत होती. त्याने अंडं तिरपं केलं तशी ती कातडीला येऊन टेकली आणि नीट दिसली. नख होतं. माणसाच्या पायाच्या अंगठ्याचं. पिवळं, जाड, वळलेलं, मुळाशी थोडं लालसर चिकटलेलं. त्याने अंडं सगळीकडून फिरवून पाहिलं, दोनदा पाहिलं. ते कुठेच फुटलेलं नव्हतं.